उईके गुरुजींच्या जागी मी गेलो

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीनंतर शाळेच्या स्मरणिकेसाठी ‘माझे सहकारी’ या विषयावर लेख मागितला गेला, तेव्हा मी गणिताच्या एका शिक्षकावर लिहून दिलं. त्यांच्याशी माझं धड दहा वाक्यंही बोलणं झालं नसेल. उईकेंच्या शोकसभेत चार शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा ‘मनमिळाऊ’ आणि ‘कर्तव्यदक्ष’ म्हणून खाली बसलो. मस्कतला असलेली माझी मुलगी अधूनमधून फोनवर विचारते, “बाबा, उईके सरांविषयी तुम्ही कधीच का बोलत नाही हो?” मी म्हणतो, “बोलण्यासारखं काय आहे त्यात?”

बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मी सध्या गोंदियाजवळ मुर्रीला राहतो. सहासष्टावं लागलं आहे. बिरसीच्या विमानशाळेची लहान विमानं दिवसभर घरावरून फिरतात आणि मी ओसरीत बसून न लिहिलेला मजकूर मनात लिहीत राहतो. आज कागद घेतला आहे.

परसराम उईके आमच्या हायस्कुलात आले तेव्हा मी उपमुख्याध्यापक होतो. सडक अर्जुनीपासून जंगलाच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा. ते आधी एका आश्रमशाळेत प्राथमिकला शिकवत, मग शिकत शिकत बी. एड. करून आमच्याकडे भूगोलाला आले. हायस्कुलात शिक्षकाला ‘सर’ म्हणतात, ‘गुरुजी’ म्हणतात ते प्राथमिकच्या मास्तरांना. पहिल्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यांची ओळख करून देताना मी मुद्दाम म्हणालो, “हे उईके गुरुजी.” स्टाफमधले दोघे हसले. मला तेच हवं होतं.

मुलांनी तो शब्द उचलला. पण मी फेकला होता त्या अर्थानं नाही. महिनाभरात अख्खी शाळा त्यांना ‘गुरुजी’ म्हणू लागली आणि आम्ही बाकीचे तेरा जण ‘सर’च राहिलो. तेव्हापासून मला त्या शब्दाचा राग आहे.

दिसायला साधा माणूस. काळे, ठेंगणे, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कोळशाचे दोन तुकडे, त्यामुळे खिसा कायम काळा. हसताना आवाज न करता खांदे हलवत. डब्यात बाराही महिने भात आणि लाखोळीची डाळ, आणि तो डबा ते स्टाफरूममध्ये न खाता कडुनिंबाखाली पोरांत बसून खात. कुठलंही मूल बोलायला आलं की ते खाली बसत. खुर्ची सोडून चक्क जमिनीवर उकिडवे. मूल उभं आणि मास्तर खाली. मी एकदा म्हणालो, “उईके, अरे शिक्षकाची काही पायरी असते.” ते म्हणाले, “हो जी. पण त्याले वर पाहून बोलता येत नाही ना. मान दुखते त्याची.”

कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचे नाहीत. “माले काऊन विचारतोस बाप्पा? पहिले चालून ये, मंग सांग.” नदीचा उगम, गावाची लोकसंख्या, विहिरीचं पाणी का आटलं, सगळ्याला हेच उत्तर. मी त्याला कामचुकारपणा म्हणत असे. मी स्वतः मराठी-इंग्रजी शिकवायचो, माझा निकाल चांगला लागायचा, माझ्या नोट्सच्या झेरॉक्स गोंदियापर्यंत जायच्या. पण शिक्षकदिनी मुलं फुलं घेऊन आली की आधी कडुनिंबाकडे वळत. मी खिडकीतून मोजत असे. त्यांच्याकडे किती थांबली, माझ्याकडे किती. असं मोजणारा माणूस पुढे मुख्याध्यापक झाला.

आमच्या शाळेत एका नव्या गावाची मुलं यायची. वाघांसाठी जंगलातून उठवलेलं गाव, रस्त्याकडेला सरळ रांगांत बसवलेलं. त्या गावाला स्वतःचं नाव आहे, पण आजही कुणी ते घेत नाही. सगळे ‘पुनर्वसन’ म्हणतात. “कोणत्या गावचा रे?” “पुनर्वसनचा.” दहा ते सतरा वयाची ही मुलं शाळेत यायची, पण कशातच नसायची. खेळात नाहीत, गणेशोत्सवात नाहीत. नववीनंतर निम्मी गळायची, त्यात मुली जास्त.

उईकेंनी शनिवारी दुपारी त्या गावात जायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. जाताना पिशवीत छुई, म्हणजे भिंती पोतारायची पांढरी माती, कोळसा आणि विटेची भुकटी. मोकळ्या जागेत मुलांना जमवून ते म्हणत, आपलं गाव काढा. जिथं बरं वाटते तिथं पांढरं, जिथं भेव वाटते तिथं काळं, जे माहीत नाही तिथं लाल.

मी एकदा बघायला गेलो. मुलं नवं गाव काढतच नव्हती. जंगलातलं जुनं गाव काढत होती. नाला, मोहाचं झाड, देवाची जागा, कुणाच्या आजीचं अंगण. काहींनी ते गाव तीन-चार वर्षांची असताना सोडलेलं, तरी बोट ठेवून सांगत होती. मी म्हणालो, “उईके, सरकारनं पक्की घरं दिली, वीज दिली आणि ही पोरं अजून झाडं काढतात? नवं गाव काढायला लाव यांना.”

“काढतील जी सर,” ते म्हणाले. “पहिले तिथून निघू तर द्या त्यायले.”

तीन शनिवार तेच चाललं. चौथ्या शनिवारी ते म्हणाले, “आता तिथून इथवर येनारा रस्ता काढा.” मुलांनी तो इतका लांब काढला की मैदान पुरेना. वाटेत ट्रॅक्टर काढला, त्यात कपाट, त्यात कोंबड्या. एके ठिकाणी सगळ्यांनी मिळून एक काळा ठिपका दिला. तिथं एक म्हातारी ट्रॅक्टरमधून उतरून बसली होती, पुढे यायला तयार नव्हती. त्या रस्त्याचं दुसरं टोक अर्थातच नव्या गावात आलं, आणि मग कुणी न सांगता मुलांनी नवं गाव काढलं. त्यात भरपूर काळं होतं. सगळ्यांत मोठा काळा चौकोन समाजमंदिराचा. सरकारनं गावासाठी बांधलेलं ते सभागृह कायम कुलूपबंद असे.

त्यावरून मुलं ग्रामसभेत गेली. मी पाहुणा म्हणून व्यासपीठावर खुर्चीत होतो. नागपूरच्या एका संस्थेच्या बाईही आल्या होत्या, किशोरवयीन मुलांसाठी काम करणाऱ्या. उईके नेहमीसारखे पाठीमागे, ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांच्याही खाली, चपलांच्या ढिगाजवळ.

सरपंच म्हणाले, “काय जी गुरुजी, पोट्टे कायले घेऊन आले? इथं खेळाचा तास आहे का?”

“मी नाही आनले जी,” उईके म्हणाले. “तेच माले घेऊन आले.”

लोक हसले. सरपंचही हसले आणि तिथंच फसले, कारण हसल्यावर हाकलता येईना. उईकेंचा मुलांना एकच नियम होता, पहिले लहान. सगळ्यांत लहान फुलवंता, पाचवीतली, उभी राहिली.

“समाजमंदिराले कुलूप काऊन आहे?”

“सामान आहे आतमंदी.”

“कोनाचं?”

सगळ्या गावाला माहीत होतं की आत सरपंचांच्या साळ्याच्या खताची पोती आहेत. मग मागून एक म्हातारी म्हणाली, “सांग नं बाप्पा, सांग. पोट्टी विचारून राहिली.”

आठवड्यात कुलूप निघालं. संध्याकाळी मुली तिथं बसून अभ्यास करू लागल्या. मुलांनी आपली सभा केली, तिचा ठराव ग्रामसभेत वाचला जाऊ लागला. पुढच्या वर्षी पुनर्वसनच्या एकाही मुलीनं शाळा सोडली नाही. नागपूरच्या बाई माझ्या कार्यालयात येऊन तासभर उईकेंबद्दल बोलल्या. मी त्यांना चहा दिला आणि म्हणालो, “हो, आमची शाळा नेहमीच उपक्रमशील राहिली आहे.”

पत्रांची सुरुवात त्याच बाईंनी केली. त्यांच्या संस्थेचं जॉर्डनमधल्या एका संस्थेशी काम होतं. तिथं पॅलेस्टिनी कुटुंबांची छावणी आहे. आजी-आजोबा गाव सोडून आले, त्यांची नातवंडं छावणीतच जन्मली, आणि तीही असंच न पाहिलेलं गाव काढतात. तिथल्या मुलांनी आणि आपल्या मुलांनी एकमेकांना नकाशे पाठवावेत अशी कल्पना. दर दोन-तीन महिन्यांनी जाड पाकीट येई. तिकडची पत्रं इंग्रजीत उतरवलेली असत, उईके ती मुलांना मराठीत सांगत. रीम नावाची पंधरा वर्षांची मुलगी सगळ्यांत जास्त लिहायची. एकदा तिनं लिहिलं, “आजी सांगते, आमच्या अंगणात अंजिराचं झाड होतं. मी ते पाहिलेलं नाही, पण ते नकाशात कुठं काढायचं ते मला माहीत आहे.” पुनर्वसनच्या मुलांनी उलट कळवलं, आमचं मोहाचं झाड अजून आहे, पण जंगलखात्याच्या फाटकाच्या आत आहे.

मग रीमनं विचारलं, आमच्या छावणीच्या समितीत सगळे मोठे आहेत, ते आम्हाला बोलू देत नाहीत, तुम्ही कसं केलं? मुलांनी आणि उईकेंनी मिळून उत्तर लिहिलं. पहिले सगळी छावणी चाला. मग सगळ्यांत लहान असेल त्याला बोलू द्या. लहानावर मोठ्यांना सगळ्यांदेखत रागावता येत नाही.

प्रत्येक पत्राखाली सगळ्या मुलांची नावं असत आणि शेवटी फक्त ‘गुरुजी’. स्वतःचं नाव लिहायची त्यांना सवयच नव्हती. “नाव कायले? शारा माहीत आहे ना त्यायले,” म्हणायचे. शाळेला ते त्यांच्या बोलीत ‘शारा’ म्हणत.

दोन वर्षांनी छावणीतून बोलावणं आलं. दहा दिवस येऊन आमच्या मुलांबरोबर काम करा, खर्च संस्थेचा. बोलावणं उईकेंना होतं. त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. अनुदानित शाळेच्या शिक्षकाला त्यासाठी संस्थाचालकांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि तो अर्ज मुख्याध्यापकाच्या शिफारशीनं वर जातो. तोवर मुख्याध्यापक मी होतो.

अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

मी तो फाडला नाही, नाकारलाही नाही. असं काही करायला धैर्य लागतं. मी फक्त सही केली नाही. उईके आठ दिवसांनी आले. “सर, तो कागद?” मी म्हणालो, “सचिव बाहेरगावी आहेत.” सचिव गावातच होते. पुन्हा पंधरा दिवसांनी आले. मी म्हणालो, “अरे, सभा व्हायची आहे.” त्यानंतर ते आले नाहीत. मागणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि मला ते पक्कं माहीत होतं.

मुदत संपत आली तेव्हा नागपूरहून बाईंचा फोन आला, काकुळतीला आलेल्या. पासपोर्ट असलेलं शाळेतलं दुसरं कुणी येऊ शकेल का? माझ्याकडे पासपोर्ट होता, मुलीकडे मस्कतला जाण्यासाठी काढलेला. मी थोडा वेळ थांबलो, लगेच हो म्हटलं तर बरं दिसणार नाही म्हणून.

मी निघालो त्या दिवशी सडक अर्जुनीच्या हायवेवर उईके मला सोडायला आले. बरोबर पंधरा-वीस मुलं. फुलवंतानं माझ्या हातात पुडा दिला. छुई होती, धुतलेल्या कापडात बांधलेली. उईके म्हणाले, “पोरायनं पत्रात लिवलं आहे जी, पांढरी माती पाठवून राहिलो म्हनून. तेवढी नेजा सर.” चेहऱ्यावर काही नव्हतं. मी शोधत होतो. थोडा राग, थोडी हळहळ, माझ्याविषयी काहीतरी. ते मुलांना ट्रकपासून मागे सरकवत होते.

नागपूरच्या विमानतळावर तो पुडा मी कचऱ्याच्या डब्यात टाकला. कस्टमवाले विचारतील असं स्वतःला सांगितलं. कुणीही विचारलं नव्हतं.

छावणी म्हणजे मला तंबू वाटले होते. निघालं ते दाटीवाटीचं सिमेंटचं गाव, छपराछपरावर पाण्याच्या टाक्या, दोन माणसं शेजारून जाऊ शकणार नाहीत अशा गल्ल्या. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मुलं जमली. मी तक्तेकागद आणि स्केचपेनं वाटली आणि ‘आदर्श गाव’ काढा म्हणालो. मग ज्याला बरं इंग्रजी येत होतं त्या उंच मुलाला पुढे बोलावून बोलायला सांगितलं. मुलं फार सभ्य. नुसती एकमेकांकडे बघत राहिली.

रीम पहिल्याच रांगेत होती. हिरवा रुमाल, मांडीवर फाईल, शेजारी नऊ-दहा वर्षांचा भाऊ यूसुफ. तिनं दुभाष्याकडून विचारलं, “पांढरी माती?”

मी म्हणालो, “विमानतळावर अधिकाऱ्यांनी काढून घेतली.”

मुलांमध्ये एकदम कुजबुज झाली. एक मुलगा काहीतरी रागानं बोलला. दुभाष्यानं सांगितलं, “तो म्हणतो, आमचंही असंच काढून घेतात.” त्यांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. ज्यांच्या वस्तू खरोखर नाक्यांवर काढून घेतल्या गेल्या होत्या, त्यांच्यासमोर मी हे खोटं बोललो.

मग रीमनं फाईल उघडली. सगळी पत्रं लावून ठेवलेली. एका पत्राच्या शेवटी बोट ठेवून तिनं विचारलं, “गुरुजी. हे तुम्ही?”

‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो? पण ती ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मी वीस वर्षं खिडकीतून बघत आलो होतो, दुसऱ्या माणसाकडे लागलेली. एकदा तरी ती माझ्यावर पडावी असं मला वाटत आलं होतं.

मी म्हणालो, “हो. मीच.”

ती उठून बाहेर धावली आणि तिच्या आजीला घेऊन आली. समितीच्या एका वृद्धानं माझे दोन्ही गाल चुंबले. मुलांनी मला हाताला धरून एका गच्चीवर नेलं. वाटेत जिन्याला निळा कठडा होता. गच्चीवर त्यांचा नकाशा होता, चुन्यानं आणि कोळशानं काढलेला. पत्रात लिहिलं होतं तसं त्यांनी सगळी छावणी चालून काढली होती. रीम म्हणाली, पहिले लहान. यूसुफ पुढे आला आणि एका काळ्या ठिपक्यावर उभा राहिला. इथं पाण्याचा टँकर मागे येतो, चालकाला लहान मुलं दिसत नाहीत. हेच त्यानं समितीपुढे सांगितलं होतं, आणि समितीनं टँकरची वेळ शाळेच्या वेळेनंतरची केली होती. “तुमच्यामुळे, गुरुजी,” रीम म्हणाली.

आजीनं कसल्याशा कडवट पाल्याचा गोड चहा दिला. मला रडू आलं. त्यांना वाटलं, आनंदानं. खरं सांगायचं तर आनंदही होता. इतकं प्रेम माझ्या वाट्याला आधी कधी आलं नव्हतं, पुढेही आलं नाही. ते उईकेंचं होतं.

परत आल्यावर गोंदियाला सत्कार झाला. एका दैनिकात फोटो आला. उईके सत्काराला मुलांना घेऊन आले होते, हारही त्यांनीच आणला होता. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, “माती कामी आली का जी सर?”

“हो तर,” मी म्हणालो. “पोरांना फार आवडली.”

पुढचे काही आठवडे ते मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊन बसू लागले. आधी कधी येत नसत. “सर, तिथं चहात काय टाकतात जी?” “ते पोट्टं किती मोठं आहे, यूसुफ?” “रीमचं घर कितव्या माळ्यावर?” “पहिल्या दिवशी काय झालं, सांगा ना.” मी खुर्चीत मागे रेलून सांगत असे. कठड्याचा रंग, आजीच्या हातावरचं गोंदण, सगळं. मला वाटे, जळतोय हा. अखेर जळतोय. मला इतकं बरं वाटायचं की मी न विचारलेलंही सांगायचो.

चारेक महिन्यांनी एक पाकीट आलं. वर शाळेचा पत्ता आणि ‘गुरुजी’. आमचे लिपिक गुप्ताजी गोंदियाचे, हिंदीच बोलत. म्हणाले, “सर, ये तो उईके सर का रहता है.” पण शाळेचं टपाल मुख्याध्यापकानं उघडायची रीत, आणि मला वाटलं, आता गुरुजी मीही आहे. मी उघडलं.

रीमचं पत्र होतं. प्रिय गुरुजी, तुम्ही परत गेल्यानंतरचं तुमचं दुसरं पत्र मिळालं. आमचा निळा कठडा तुमच्या लक्षात राहिला हे ऐकून आजी हसली. त्या चहाचा पाला तुमच्याकडे मिळत नाही म्हणता, तर पुढच्या वेळी वाळवून पाठवते. मातीचं वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही दुसऱ्यांदा पाठवलेली पोचली आहे. आणि पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला कागद आणि पेनं दिली तेव्हा वाटलं होतं, तुम्हाला आम्ही आवडलो नाही. आता कळलं की तुम्ही प्रवासानं थकला होता. यूसुफ म्हणतो, त्यानं तुम्हाला माफ केलं.

मी ते तीनदा वाचलं. म्हणजे रीमचं आधीचं पत्र उईकेंना आलं होतं. तुम्ही आलात, भेटलात, माती काढून घेतली गेली, हे सगळं त्यात असणार. ते वाचून त्यांना कळलं असणार की मी कोण बनून आलो, आणि मातीबद्दल दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या. आणि त्यांनी काय केलं? त्या मुलीचा विश्वास मोडू नये म्हणून, न पाहिलेल्या छावणीतून परत आलेल्या माणसाचं पत्र लिहिलं. त्याला लागणारे तपशील माझ्याकडून गोळा केले. माझ्या वाईट वागण्याला कारणही त्यांनीच शोधून दिलं.

मी पाकिटाला गोंद लावला आणि गुप्ताजींना ते उईकेंच्या टेबलावर ठेवायला सांगितलं. खिडकीतून पाहिलं. त्यांनी ते उचललं, कडेवरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं. गोंद ओला असणार. मग माझ्या खिडकीकडे न बघता ते वर्गावर गेले.

त्या दिवसानंतर त्यांनी मला छावणीबद्दल एक शब्दही विचारला नाही. बाकी सगळं तसंच. “नमस्कार जी सर”, “येतो जी सर”. मी निवृत्त होईपर्यंत आम्ही दोघे रोज समोरासमोर आलो, मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे, आणि त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. ते रागावले असते तर मी वाद घातला असता. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

शेवटचे भेटले ते सडक अर्जुनीच्या बाजारात. तेही तोवर निवृत्त झाले होते. गाझात पुन्हा युद्ध पेटलं होतं, टीव्हीवर रोज पडकी घरं दिसत होती. नागपूरच्या संस्थेचा उपक्रम बंद पडून पत्रं केव्हाच थांबली होती. मी बाजाराला म्हणून गेलो नव्हतो. त्या दिवशी उईके तहसीलला येणार असल्याचं कळलं होतं, आणि सांगूनच टाकायचं असं ठरवून मी मुर्रीहून निघालो होतो. वाक्यं पाठ केली होती.

ते चहाच्या टपरीजवळ उभे होते. फार बारीक झाले होते. गळ्याभोवती दुपट्टा, आवाज बसलेला.

“सर तुमी! बसा जी, चहा घेऊ.”

आम्ही बाकावर बसलो. मी म्हणालो, “उईके, मला तुला एक सांगायचं आहे.”

“हो जी. पन पहिले एक सांगा,” ते म्हणाले. “रीमच्या मामाचं घर गाझात होतं ना? तुमी तिथं ऐकलं असन. तुमाले कायी कळलं का?”

“नाही.”

“माले झोप नाही येत सर. तो यूसुफ आता वीसेक वर्षाचा झाला असन. कुठं असन?”

मी कप खाली ठेवला. वाक्यं तोंडाशी होती. तेवढ्यात तहसीलच्या बाजूनं दोन मुली पळत आल्या, पुनर्वसनच्या, बारावीतल्या असाव्यात. हातात शिक्का मारलेला अर्ज. “गुरुजी, घेतला! सही करून घेतला! चला ना जी, लवकर!” एकीनं त्यांची पिशवी उचलली, दुसरीनं दुपट्टा नीट केला. मला त्यांनी ओळखलंही नाही. मी त्यांच्याच शाळेचा मुख्याध्यापक होतो.

उईके माझ्याकडे वळले. “सर, तुमी कायी सांगून राहिले होते.”

इतक्या वर्षांनंतर, मरणाच्या वाटेवर असलेल्या त्या माणसासमोर, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की माझ्यासाठी असं कुणी पळत येत नाही. तेच जुनं. त्याच्यापुढे पाठ केलेली वाक्यं मागे पडली.

“काही नाही,” मी म्हणालो. “तब्येतीला जप.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग हात जोडले आणि उठले. मुलींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून हायवे ओलांडून नेलं. पलीकडे पोचल्यावर एक लांब ट्रक आडवा आला. तो गेला तेव्हा ते फाट्याच्या रस्त्याला लागले होते. तीन महिन्यांनी उईके गेले.

बाकावर बसून जे म्हणायचं होतं, ते असं होतं.

उईके गुरुजी, तुमचा अर्ज मी अडवला. सचिव गावातच होते. तुमच्या मुलांनी दिलेली माती मी फेकून दिली. तिथं मी तुम्ही झालो, आणि तुमच्या वाट्याचं प्रेम घेऊन आलो, ते तुम्हाला दिलं नाही. तुम्ही माझी लाज राखलीत, हे मला त्या ओल्या गोंदाच्या दिवसापासून माहीत आहे. मी तुमचा हेवा केला. तुम्हाला पाहिलं त्या पहिल्या सकाळपासून केला. मला माफ करा जी.